उरलेल्या बारा गोळ्या

९ जुलै

दादा,

नमस्कार. आईलाही सांगा, आणि ताई माहेरी आली तर तिलाही.

चाळीस वर्षं शिवणमशीनच्या शेजारी बसून तुमचे कान गेले आणि फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही, याचं मला वाईट वाटतं, पण खरं सांगू का, थोडं बरंही वाटतं. अख्ख्या वसतिगृहात टपाल येणारी मी एकटीच आहे. शेजारच्या खोलीतली मला रोज विचारते, “कोण गं तो?” मी सांगते, “वय बासष्ट, डोळ्यांवर चष्मा, कानावर खडू.”

तुम्ही विचारलंत की पोरगी नेमकं काय करते हे शेजारच्या दुकानातल्या घड्याळवाल्यांना काय सांगू. हे सांगा. डास चावला की मलेरियाचा जंतू रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशीत बिऱ्हाड थाटतो. पेशीतलं लाल प्रथिन हे त्याचं अन्न. पण ते सबंध ताग्यासारखं असतं, एका घासात गिळता येत नाही. म्हणून त्याच्याजवळ एक कात्री असते. तिला एन्झाइम म्हणतात. कात्री प्रथिनाचे तुकडे करते, मग जंतू जेवतो. कात्री अडवली की जंतू उपाशी मरेल.

त्या कात्रीच्या पात्यांमध्ये एक खाच आहे. खाचेत नेमका बसेल आणि बसला की निघणार नाही असा तुकडा तयार करणं हे माझं काम. आधी कॉम्प्युटरवर खाचेचं माप घ्यायचं, मग तसा रेणू बनवायचा. आतापर्यंत तीस बनवले. कुणी सैल, कुणी घट्ट, एक तर उसवलाच.

पण सगळं एका गोष्टीवर अडलंय. माझा रेणू चांगला की वाईट हे ठरवायला जुन्या औषधाशी तुलना करावी लागते. म्हणजे सरकारी दवाखान्यात मलेरियावर देतात तेच औषध. तेवढं मिळालं की काम सुटेल. मागवून दीड महिना झाला, कागद कुठल्या टेबलावर झोपलाय देवाला ठाऊक. जी वस्तू कुठल्याही दवाखान्यात मिळते ती आमच्याकडे नाही!

आणखी एक. इथं मिळणारे प्रयोगशाळेचे कोट म्हणजे पोती आहेत. बाह्या ॲसिडात बुडतात. तुम्ही शिवून पाठवाल का?

तुमची,
बटण

---

१८ जुलै

बटणबाई,

अनेक आशीर्वाद. लहानपणी गिळलेलं बटण पचलं तसं हे अवघड शिक्षणही पचवशील, याची आम्हाला खात्री आहे.

घड्याळवाल्याला कात्रीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “एवढं शिकून पोरगी शिंपीणच झाली की!” मी म्हटलं, “हो, पण तिचं गिऱ्हाईक डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे तक्रारही करत नाही.” कात्री बंद पाडायची म्हणतेस, तर आईला विचार. माझ्या कापडाच्या कात्रीनं तिनं एकदाच पुठ्ठा कापला होता. त्या कात्रीनं नंतर धागाही तोडला नाही.

कोट शिवतो. पण माप पाठव. अंदाजानं शिवणार नाही. माझा नियम तुला माहीत आहे. गिऱ्हाइकानं सांगितलं ते माप, त्यात शिंप्यानं आपली अक्कल घालायची नाही. फार वर्षांपूर्वी एका मास्तरांनी डावी बाही दोन बोटं आखूड सांगितली. शेजारचे म्हणाले, चूक आहे, सारखी कर. मी सांगितली तशीच शिवली. मास्तरांचा तो हात मोडून आखूड बसला होता, आणि ते कुणाला सांगायची त्यांना लाज वाटत होती. तेव्हापासून मी कुणाच्या मापाला का म्हणून विचारत नाही.

दुकानामागं इमारतीसाठी खणलेला खड्डा तसाच आहे. बांधणारा पळाला, पाणी राहिलं. संध्याकाळी डास पांढऱ्या कापडावर बसतात, दुरून नक्षीकाम वाटतं.

तुझं औषध आलं का? तुझा धाकटा भाऊ याच तापानं गेला, तेव्हा आपल्याला औषध वेळेवर मिळालं नाही. तो सहा वर्षांचा होता, तू नऊ. आता तुझं कामही त्याच एका औषधासाठी अडावं हे मला पटत नाही.

दादा

---

२७ जुलै

दादा,

माप घ्या. शेजारच्या खोलीतलीनं टेप धरला, त्यामुळे चुकलं तर तिला बोला. छाती चौतीस, खांदा चौदा, बाही साडेबावीस आणि मनगटाशी घट्ट, उंची अडतीस. बाहेरून दोन खिसे. बस.

आता बातमी. एकतिसावा रेणू झाला! आठ पायऱ्यांचं काम आहे. सातव्या पायरीला दोनदा चंबूत नुसतं डांबर झालं. तिसऱ्या वेळी बर्फात ठेवून थेंबथेंब घातलं, आणि सकाळी येऊन पाहते तो तळाशी पांढरे स्फटिक, तुमच्या खडूच्या भुकटीसारखे. सगळे मिळून चिमूटभर. वजन करताना मी श्वास धरून ठेवला होता, फुंकरीनं दोन महिने उडून गेले असते.

आणि दादा, त्यानं कात्री थांबवली. काचनळीत शंभरातले अठ्ठ्याण्णव काप बंद. मी तीनदा करून पाहिलं. सर उठून माझ्या टेबलापाशी आले. एरवी ते आपल्या खुर्चीतूनच रागावतात.

आता खरी परीक्षा जिवंत जंतूंवर. आणि तिथं ते जुनं औषध शेजारी हवंच. ते अजून आलेलं नाही. सर म्हणाले, “तुलनेशिवाय आकडा म्हणजे मापाशिवाय सदरा.” (तुमचं वाक्य वाटतं ना? मीच त्यांना तुमच्या गोष्टी सांगते.) जंतू वाढवून ठेवलेत, रोज त्यांना ताजं रक्त घालतोय, आणि नुसते बघत बसलोय. वीस ऑगस्टच्या आत सुरू झालं नाही तर जंतूंच्या प्रयोगशाळेतली आमची पाळी जाईल, मग थेट पुढच्या वर्षी. काल जिन्यात बसून थोडी रडले. आईला सांगू नका.

मी धाकट्याला विसरलेले नाही दादा. प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर त्याचं वय लिहून ठेवलंय. नाव नाही, नुसता सहाचा आकडा.

तुमची,
बटण

---

१० ऑगस्ट

दादा,

तुमचं पत्र आलं नाही, म्हणून मीच लिहिते. कोटात गुंतलात का?

काल आमच्याकडे एका डॉक्टरीणबाईंचं भाषण झालं. वीस वर्षं तापाच्या मुलखात काम केलंय त्यांनी. कुणीतरी विचारलं, औषध असताना नवं कशाला हवं? त्या म्हणाल्या, जंतू जुन्या औषधाला निर्ढावत चाललाय म्हणून. आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे अर्धवट औषध घेणारी माणसं. तीन दिवसांच्या गोळ्या असतात. दीड दिवसात ताप उतरतो, की माणूस उरलेल्या डब्यात टाकतो, पुढच्या वेळेला म्हणून. आत थोडे जंतू जिवंत असतात. ते दोन-तीन आठवड्यांत पुन्हा उठतात, कधी पहिल्यापेक्षा जोरात.

मला इतका राग आला दादा! आम्ही इथं चिमूटभर भुकटीसाठी महिने घालवायचे, आणि लोकांनी हातातलं औषध डब्यात टाकायचं. अडाणीपणा, दुसरं काय. माझ्या हातात असतं तर अशा प्रत्येकाच्या दारात जाऊन ओरडले असते.

असो. तुमच्यावर कशाला ओरडते? तुम्ही तर धाग्याचं टोकसुद्धा वाया घालवत नाही.

तुमची,
बटण

---

११ ऑगस्ट

बटणबाई,

अनेक आशीर्वाद. पार्सल उशिरा पाठवतोय. दुकान चार दिवस बंद होतं. मशीनचा पट्टा तुटला होता.

कोट तुझ्या मापानं आहे. मनगटाशी दुहेरी पट्टी दिली आहे, ॲसिडाला आधी ती खावी लागेल. बाहेरून दोन खिसे.

डाव्या बाजूला आतून तिसरा खिसा आहे. तो तू सांगितला नव्हतास. माझा नियम मी पहिल्यांदा मोडला, माफ कर. त्यात तुझं अडलेलं काम आहे. पोस्टात चुरा होऊ नये म्हणून मध्ये कापूस घालून तोंड शिवून टाकलं आहे. ब्लेड लावू नकोस. धाग्याचं एक टोक मोकळं सोडलंय, ते ओढलंस की सगळी शिवण निघेल.

सरकारी दवाखान्यातल्याच आहेत. चार-चारच्या तीन पट्ट्या, एकूण बारा. ओळखीतल्या एका माणसाला ताप आला होता, तो उतरला, त्याच्या उरल्या. त्यानं आपखुशीनं दिल्यात. पुरतील ना? लगेच कळव.

पाळी जाऊ देऊ नकोस. आणि जिन्यात बसू नकोस, गार असतो.

दादा

---

२० ऑगस्ट

दादा, दादा, दादा!

कोट असा बसलाय की सगळ्या जणी माझ्या पाठीमागं फिरून शिवण बघतायत. एकीनं विचारलं, “तुझे बाबा परगावचं माप घेतात का?” मी म्हटलं, “घेतात, पण पत्र लिहायला यायला हवं.”

आणि तो आतला खिसा! मी टोक ओढलं आणि शिवण सर्रकन निघाली, आत कापसात निजलेल्या पट्ट्या. सरांना नेऊन दाखवल्या. सगळे इतके... खूश झाले. सरांनी मुद्दाम सांगितलंय, तुझ्या वडिलांना माझे आभार कळव. गोळ्या अगदी वेळेवर पोचल्या. परवापासून जंतूंवरचं काम सुरू झालंय, पाळी गेली नाही. हे तुमच्यामुळे.

फक्त एक. ज्यांच्या उरल्या त्यांना माझ्या वतीनं चांगलं रागवा. ताप उतरला तरी सगळ्या घ्यायच्या असतात. माझं दहा तारखेचं पत्र वाचून दाखवा त्यांना, म्हणजे डोळे उघडतील. अजून अंगात कसकस असेल तर लगेच दवाखान्यात जाऊन पुन्हा सगळं औषध घ्यायला सांगा. आठवणीनं.

तुमची,
बटण

---

२८ ऑगस्ट

बटणबाई,

अनेक आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. काम सुटलं हे वाचून बरं वाटलं. आईला दोनदा वाचून दाखवलं. घड्याळवाल्याला एकदा, पण मोठ्यानं.

त्या माणसाला रागावलो. त्यानं ऐकून घेतलं.

त्याच्या वतीनं एक विचारतो. तू म्हणतेस, अर्धं औषध ठेवतात ते अडाणी. बरोबर आहे. पण एखाद्यानं पुढच्या वेळेला म्हणून नाही, दुसऱ्याच काही चांगल्या कारणानं ठेवलं असेल तर? त्यालाही तुमच्या शास्त्रात अडाणीच म्हणतात का? घाई नाही. सवडीनं लिही.

अक्षर वाकडं आलं असेल तर चष्म्याला दोष दे. इथं हवा दमट आहे. आई बरी आहे. मीही.

एकतिसाव्याचं काय झालं ते कळव.

दादा

---

५ सप्टेंबर

दादा,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. असा प्रश्न फक्त तुम्हीच विचारू शकता! त्या माणसाची बाजू घेताय, हे कळलं मला. पण दादा, कारण कितीही चांगलं असलं तरी जंतू कारण विचारत नाही. त्याला एवढंच कळतं की गोळी आली की नाही आली. बरा आहे ना तो आता?

अक्षर खरंच वाकडं आलंय. ओळी उतारावरून घसरल्यासारख्या. चष्म्याचा नंबर तपासा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आता एकतिसावा. तीनदा करून पाहिलं. काचनळीत एवढा शूर, पण जिवंत जंतूपुढं लंगडा निघाला. त्याला बहुतेक पेशीच्या भिंतीतून आतच शिरता येत नाही. कात्री आत, हा दाराबाहेर. जुनं औषध त्याच्यापेक्षा शंभर पटींनी सरस ठरलं. म्हणजे तुमच्या खिशातल्या गोळ्यांत जे औषध आहे ना, तेच. त्याचा एक कण घातला की दोन दिवसांत बशीतले जंतू साफ. मी सूक्ष्मदर्शकातून पाहत होते, तांबड्या पेशी पुन्हा स्वच्छ, गोल. वाईट वाटायला हवं होतं, पण मला ते इतकं सुंदर वाटलं दादा. माझा रेणू हरला आणि मी टाळ्या वाजवल्या.

आता बत्तिसावा. त्याच्या एका टोकाला पेशीत शिरता येईल असा हात जोडायचाय.

तुमची,
बटण

---

३ ऑक्टोबर

बटणे,

दादांचं तेरावं उरकून तू परत गेलीस त्याला आठ दिवस झाले. मी अजून आईजवळच आहे. सासरचे म्हणतात, राहा हवं तितकं. माझी पोरगी इथल्या शाळेत नुसतीच जाऊन बसते.

तुला फोन करून सांगणार होते, पण दोनदा नंबर लावून ठेवून दिला. म्हणून लिहिते. ताप अंगावर काढला म्हणून आपण दादांना दोष देत राहिलो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “हा ताप उलटलेला दिसतो. महिन्यापूर्वी दिलेल्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?” मी म्हटलं, घेतल्या असणार, आमचे दादा नियमाचे पक्के. आई तिथंच उभी होती.

परवा बोलली. ऑगस्टमध्ये दादांना ताप आला होता. दुकान चार दिवस बंद होतं ते पट्ट्यामुळं नाही. दवाखान्यातून चोवीस गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला, तेव्हा बारा झाल्या होत्या. उरलेल्या बारा त्यांनी मशीनवर मांडल्या आणि म्हणाले, “आता मी बरा आहे. या माझ्यासाठी वाया, तिच्यासाठी काम.” आई भांडली. ते म्हणाले, “तिनं सांगितलंय, तेवढं मिळालं की सुटेल.” आणि अंगात धग असतानाच तुझा खिसा शिवला.

मग तुझं ते पत्र आलं, अर्ध्या गोळ्यांचं. आईला त्यांनी ते अर्धंच वाचून दाखवलं आणि चष्मा पुसत बसले. महिनाअखेरीला ताप पुन्हा आला. आई म्हणाली, चला दवाखान्यात. ते म्हणाले, “डॉक्टर विचारेल, आधीच्या गोळ्या काय केल्यास. काय सांगू? पोरगी याच आजारावर शिकते आणि बाप अडाणी?” आज जाऊ, उद्या जाऊ. शेवटी घड्याळवाल्यांनी हातगाडीवर घालून नेलं तेव्हा ते आईला ओळखत नव्हते. घड्याळवाल्यांनी मला फोन केला, मी तुला. तुझं पाच तारखेचं पत्र मशीनच्या पाटीवर उघडं होतं. वाचलेलं.

काल त्यांची मापाची वही चाळली. तुझं पान आहे. छाती, खांदा, बाही, उंची. आणि त्याखाली, त्याच अक्षरात, “औषध: सरकारी दवाखान्यात देतात तेच. तेवढं मिळालं की काम सुटेल.” पुढं काम पुरं झाल्याची खूण. गिऱ्हाइकाच्या मापासारखं लिहून घेतलं होतं त्यांनी तुझं वाक्य.

मी तुला बोल लावत नाही. एकच विचारते. त्या गोळ्या उपयोगी पडल्या ना गं? आई रोज तेच विचारते. म्हणते, तेवढं कळलं तरी पुरे.

ताई

---

९ ऑक्टोबर

ताई,

नाही. उपयोगी पडल्या नाहीत.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आता सगळं लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा जमणार नाही.

आम्हाला गोळ्या नको होत्या. शुद्ध भुकटी हवी होती. गोळीत दोन औषधं एकत्र असतात, शिवाय तिला धरून ठेवणारा स्टार्च आणि काय काय. तुलनेला ती चालत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण दादांना सोपं करून सांगायचं म्हणून मी लिहिलं, दवाखान्यात देतात तेच. मला वाटलं, किती छान सोपं केलं. दादा सांगितलेल्या मापाला का म्हणून विचारत नाहीत, हे त्यांनी मला त्याच्या पुढच्याच पत्रात लिहिलं होतं. मी ते वाचून हसले होते.

भुकटी अठरा ऑगस्टला आली. पार्सल एकोणीसला. मी पट्ट्या सरांना दाखवल्या तेव्हा सगळे हसले. वाईट नाही हसले, प्रेमानंच, पण हसले. मीही. सर म्हणाले, “आभार कळव, आणि बिचाऱ्यांना खरं सांगू नकोस.” म्हणून मी त्यांना लिहिलं की वेळेवर पोचल्या. कौतुकानं लिहिलं. आणि त्याच पत्रात, ज्याच्या उरल्या त्याला रागवा, असंही लिहिलं. मग त्यांनी विचारलं, चांगल्या कारणानं ठेवल्या तर? किती स्पष्ट विचारलं होतं ताई. अक्षर घसरत होतं, आणि मी त्यांना चष्म्याचा नंबर तपासायला सांगितला. शिकलेली मी.

ते वीस तारखेचं पत्र मी पोस्टात टाकलं नसतं, किंवा नुसतं लिहिलं असतं की गोळ्या आमच्या कामाच्या नाहीत, तुमच्या आहेत, घ्या, तर.

बाराही माझ्या टेबलाच्या खणात आहेत. एकही फोडलेली नाही. आणि बशीत शंभर पटींनी सरस ठरलं ते औषध तेच. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

इथं आम्हाला पहिला धडा देतात, प्रयोगवहीत खोटं लिहायचं नाही, चुकलेला आकडासुद्धा खोडायचा नाही, वरून एक रेघ मारायची, म्हणजे चूक दिसत राहील. म्हणून तुला खरं लिहिलं. आईलाही सांग. तिला जे म्हणायचं असेल ते मला ऐकायचंय.

मी काम सोडून परत यावं का?

बटण

---

१५ ऑक्टोबर

बटणे,

तुझं पत्र तीन दिवस मशीनच्या खणात पडून होतं. पहिल्या दिवशी वाटलं, आत्ता गाडीत बसावं आणि तुझ्या दोन कानशिलात द्याव्या. दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच द्याव्या वाटलं. मी इथून तीन तासांवर राहते. अख्खा ऑगस्ट आले नाही. पोरीची परीक्षा होती म्हणे. दुसरीतली परीक्षा.

तिसऱ्या दिवशी दादांचाच राग आला. खिसा न सांगता लावला, ताप न सांगता काढला. तू त्यांना बरं वाटावं म्हणून खोटं लिहिलंस, त्यांनी तुला बरं वाटावं म्हणून. एकाच ताग्यातले दोघं. मधल्या मध्ये आम्ही बायका.

परत येऊ नकोस. येऊन काय करणार? तुला साधी तुरपाईसुद्धा सरळ येत नाही. शिवायचं मी बघते. शाळेच्या गणवेशांचं अर्धं काम राहिलंय, मापं त्यांच्या अक्षरात आहेत, त्यामुळे सोपं जातं. तू तुझा बत्तिसावा बघ.

आता नीट वाच. आईला मी काही सांगितलेलं नाही. तुझं पत्र आलंय हेही नाही. ती रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर येऊन बसते. तिचा एक मुलगा औषध मिळालं नाही म्हणून गेला. नवरा औषध देऊन टाकलं म्हणून गेला. ते कशासाठी दिलं, एवढंच तिच्याजवळ उरलंय.

तुझ्या वहीत खरं लिहितेस ते लिहीतच राहा. पण आईचं पत्र म्हणजे तुझी वही नाही. तिला वेगळं पत्र लिही. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. जे लिहिशील तेच वाचीन, त्यात माझी अक्कल घालणार नाही.

बाकी तू शहाणी. मला सातवीपुढचं काय कळतं?

ताई

---

२१ ऑक्टोबर

आई,

तुला मी लिहिलेलं हे पहिलंच पत्र. इतकी वर्षं पत्रं दादांना जायची आणि तू दाराला टेकून ऐकायचीस. आता ताईचा आवाज ऐक.

दादांच्या गोळ्या उपयोगी पडल्या.

आमचं काम अडलं होतं, ते त्यांच्यामुळे सुटलं. बाराच्या बारा पोचल्या, एकीचाही चुरा झाला नाही. त्यांनी इतका कापूस घातला होता. सरांनी सगळ्यांना सांगितलं की हिच्या वडिलांनी पाठवल्या. मी प्रयोगशाळेत रोज त्यांनी शिवलेला कोट घालते. आतला खिसा आहे तसाच आहे. त्याच धाग्यानं मी तो पुन्हा शिवलाय. टाके वाकडे आलेत, ताई हसेल.

बत्तिसावा रेणू करायला घेतलाय. किती वर्षं लागतील सांगता येत नाही. कदाचित बत्तिसावाही हरेल. पण मी सोडणार नाही.

आता एक सांगते, ते मात्र जसंच्या तसं ऐक. सोपं करून सांगत नाहीये. मागच्या खड्ड्यात पाणी अजून आहे. तुला, ताईला किंवा पोरीला थोडा जरी ताप आला तरी त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, बोटातून रक्त तपासून घ्यायचं. मलेरिया निघाला तर डॉक्टर जितक्या देतील तितक्या सगळ्या गोळ्या घ्यायच्या. मोठ्या माणसाला चोवीस असतात. चार-चार, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. ताप उतरला तरी. बरं वाटलं तरी. संपल्यावर रिकाम्या पट्ट्या ताईला दाखवायच्या.

एकही गोळी उरवायची नाही, आई. पुढच्या वेळेला म्हणून नाही, कुणाला लागेल म्हणून नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही.

तुझी,
बटण